मांजरीच्या मानेची आणि कानांची खाज वर्षभर थांबत नाही. मासळीचे वावडे असू शकते का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. आमच्या घरी चार वर्षांची देशी भाटी आहे. तिची नसबंदी झालेली असून ती घरातच असते. दुपारनंतर मागच्या पडवीत जाऊन बसते, तेवढाच तिचा बाहेरचा वावर. गेल्या गणपतीच्या सुमारास ती मान आणि कानांच्या पुढचा भाग खाजवू लागली. पावसाळी दमटपणामुळे असेल, ऊन पडले की जाईल, असे आम्हाला वाटले. परंतु थंडी सरली, वैशाखही उलटला, तरी खाज आहे तशीच आहे. आता डोळ्यांच्या वरचे केस विरळ झाले आहेत, मानेवरून बोट उलटे फिरवले की मोहरीएवढ्या खपल्या हाताला लागतात, आणि डाव्या कानामागे तिने मागच्या पायाच्या नखांनी इतके खरवडले आहे की तिथली जखम सुकते न सुकते तोच पुन्हा ओली होते. पोटावरचे केसही तिने चाटून चाटून साफ केले आहेत. अधूनमधून उलटी होते आणि शौच दिवसातून तीन-चार वेळा, जरा सैलसर होते.

इथले पशुवैद्य स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्यानंतर महिनाभर ती अगदी पूर्ववत असते आणि मग पहिले पाढे पंचावन्न. मागच्या खेपेस ते म्हणाले की खाण्याचे वावडे असू शकेल, खाणे बदलून पाहा. परंतु दवाखान्यात गर्दी होती आणि नेमके काय बदलायचे ते विचारता आले नाही. तिचे रोजचे खाणे असे आहे: सकाळी दुकानातले माशाच्या चवीचे कोरडे कॅटफूड, दुपारी उकडलेला बांगडा किंवा मांदेली, रात्री थोडे दूध. शिवाय सासरे जेवायला बसले की ती त्यांच्या पाटाशी हजर असते आणि तिथून तिला काय काय मिळते याचा हिशेब कोणाकडेच नाही.

माझी मुख्य शंका अशी की जी मासळी ती पिल्लू असल्यापासून खात आली, तिचेच वावडे आता चौथ्या वर्षी कसे होईल? केसांचा नमुना पाठवून ॲलर्जी ओळखून देणारी चाचणी इंटरनेटवर दिसते. ती करून घ्यावी का? आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे खास प्रकारचे खाद्य दुकानात मिळत नाही, तिथे तिला खायला तरी काय द्यावे?

तीन बोके, डोंबिवली

ताई, खाण्याकडे वळण्याआधी पिसवांचा बंदोबस्त पक्का करा, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे पिसवा नाहीतच, असे प्रत्येक जण म्हणतो, कारण मांजर दिवसभर अंग चाटत असते आणि सापडलेली पिसू गिळून टाकते. आपल्याला दिसते ती फक्त तिची घाण. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर केस विंचरावेत, फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावेत आणि दोन मिनिटे थांबावे. कणाभोवती तांबूस-तपकिरी ओघळ पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्तच असते. साध्या मातीला असा रंग सुटत नाही. अर्थात कागद कोरा राहिला म्हणून पिसवा नाहीतच असेही म्हणता येत नाही. तेव्हा औषध करायचेच.

औषध एका मांजरीला लावून भागत नाही. अंडी, अळ्या आणि कोश हे सगळे तिच्या अंगावर नसून गोधडीत, सोफ्याच्या फटीत आणि तुमच्या बाबतीत बहुधा पडवीतल्या गोणपाटात असतात, आणि कोशातली पिसू काही महिनेसुद्धा दबा धरून राहू शकते. आम्ही तिन्ही बोक्यांना सलग तीन महिने मानेवरचे थेंब लावले आणि अंथरुणे गरम पाण्यात धुतली, तेव्हा दोघांची खाज थांबली. तिसऱ्याची थांबली नाही. त्याला कोंबडीचे वावडे निघाले, पण ते कळले पिसवांचा प्रश्न बाजूला झाल्यानंतरच.

निळा_डोळा

इतके सारे करण्यापूर्वी घरगुती उपाय करून पाहायला काय हरकत आहे? आमच्या आत्याकडे मांजरांना कडुलिंबाचे तेल आणि हळद लावतात. खाज फारच असेल तर माणसांची सर्दी-खाजेची अर्धी गोळी दुधातून देता येते. खाण्याचे म्हणाल तर मासे बंद करून साधे चिकन आणि भात सुरू करावा. पोटाला हलका असतो.

पशुवैद्य, पुणे

मी लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. मांजर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावा. परंतु आधी वरच्या प्रतिसादातील दोन गोष्टी तातडीने थांबवणे आवश्यक आहे.

सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असते आणि त्याचा निचरा करण्याची यंत्रणा मांजरीच्या यकृतात जवळजवळ नसते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. तेलाचेही तसेच आहे. अंगाला लावलेले काहीही मांजर चाटून पोटात घेते, आणि कडुलिंबाच्या तेलाने मांजरांना झटके आल्याचे पाहण्यात येते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले थेंब तर मांजरीला कधीही लावू नयेत. औषधांच्या दुकानात वजनाचा अंदाज घेऊन 'थोडे कमी लावा' असे सांगून ते खुशाल हाती दिले जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे. मांजरांसाठी सेलामेक्टिन किंवा फ्लुरालानेर असलेले थेंब मिळतात. पिसवांबरोबर कानातल्या गोचीडवर्गीय किड्यांवरही ते उपयोगी पडतात, त्यामुळे एकाच औषधाने दोन संशयित बाद होतात.

आता मूळ प्रश्न. इतकी वर्षे खाल्लेल्या पदार्थाचे वावडे आता कसे, असे तुम्ही विचारता. परंतु वावडे हे ओळखीच्या पदार्थाचेच होते. शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या प्रथिनाला पुन्हा पुन्हा भेटते आणि केव्हातरी त्याला शत्रू ठरवते. हे केव्हातरी दुसऱ्या वर्षी येते किंवा आठव्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाचे वावडे सिद्ध झालेल्या ७८ मांजरांची नोंद आहे. त्यांत गोमांसाचे वावडे १८ टक्के, माशांचे १७ टक्के आणि कोंबडीचे ५ टक्के मांजरांना होते. ही नोंद परदेशातल्या आहाराची आहे हे लक्षात ठेवावे, कारण ज्या प्रदेशात जे अधिक खाल्ले जाते त्याचेच वावडे तिथे अधिक दिसते. कोकणातल्या मांजरीत मी मासळीवर आधी संशय घेईन. धान्य मात्र यादीत फार खाली आहे, त्यामुळे 'ग्रेन-फ्री' असे छापलेले महाग खाद्य घेऊन या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही.

तुम्ही वर्णन केलेल्या खुणा, म्हणजे ऋतूशी संबंध नसलेली खाज, डोके-मान-कान यांवरचा भर, मोहरीसारख्या खपल्या, पोटाचे चाटलेले केस आणि सोबत पोटाच्या तक्रारी, या अन्नाच्या वावड्याकडे बोट दाखवतात. सिद्ध मात्र करत नाहीत. धूळ आणि परागकण यांच्या वावड्यात त्वचा हुबेहूब अशीच दिसते. पिसवा, कानातले किडे, खरजेचे किडे, आणि मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचा नायटा, यांनी केस जातात ते वेगळेच. नायटा माणसांनाही होतो. घरात कोणाच्या हातावर गोल चट्टे उठले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओल्या जखमेवर काचपट्टी किंवा चिकटपट्टी टेकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की जिवाणूंचा संसर्ग कळतो. संसर्ग असेल तर आहार कितीही बरोबर निवडला तरी खाज पूर्ण जाणार नाही.

केसांच्या चाचणीवर पैसे घालवू नका. अन्नाचे वावडे ओळखण्यासाठी केस, लाळ किंवा रक्त यांपैकी कशाचीही चाचणी भरवशाची ठरलेली नाही. निरोगी मांजरीचे केस पाठवले तरी वावड्यांची लांबलचक यादी हाती येऊ शकते आणि मग त्या यादीच्या धाकाने मांजरीची उपासमार होते. भरवशाची पद्धत एकच: वर्ज्य आहाराची चाचणी. तिने आजवर कधीच खाल्ले नाही अशा एकाच प्राण्याचे मांस, किंवा ज्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात असे 'हायड्रोलाइज्ड' खाद्य, एवढेच आठ आठवडे द्यायचे. अन्नाचे वावडे असलेल्या मांजरांपैकी सुमारे ८० टक्के सहा आठवड्यांत सुधारतात आणि आठ आठवड्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे जाते. दोन-तीन आठवडे करून 'गुण नाही' म्हणून सोडलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो.

वर सुचवलेला चिकन-भात इथे दोन कारणांनी चालणार नाही. तुम्ही देता त्या माशाच्या चवीच्या खाद्यात कोंबडीही असण्याची दाट शक्यता आहे (पाकिटाच्या मागचे घटक वाचा, पुढचे चित्र नव्हे), म्हणजे कोंबडी तिला नवी नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. टॉरिन नावाचे अमिनो आम्ल मांजरीला अन्नातूनच पुरेसे मिळावे लागते. त्याच्या कमतरतेने हृदयाचे स्नायू ढिले पडतात आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो. भातात ते नसते, आणि मांस उकडून पाणी ओतून दिले तर मांसातलेही बरेचसे त्या पाण्याबरोबर जाते.

तुमच्या इंजेक्शनबद्दलही लिहायला हवे. महिनाभर टिकणाऱ्या स्टेरॉइडच्या अमलाखाली आहार सुरू केला तर सुधारणा इंजेक्शनची की अन्नाची हे कळत नाही. शिवाय ही दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने वारंवार दिल्यास मांजरांना मधुमेह होण्याचा धोका असतो. खाज असह्य असेल तर सुरुवातीचे काही दिवस प्रेडनिसोलोनच्या (कमी काळ टिकणाऱ्या स्टेरॉइडच्या) गोळ्या देऊन, पुढे त्या थांबवून, निव्वळ आहारावर ती कशी राहते ते पाहता येते. याबद्दल तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

डॉक्टर, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पाकीट पाहिले, पुढे टुना मासा आहे आणि मागे घटकांत कोंबडीचे पीठ लिहिले आहे. आमच्या घरी बोकडाचे मटण सणासुदीलाच येते आणि तिला ते कधी दिल्याचे कोणालाच आठवत नाही. ते चालेल का? दुसरे असे की ती खाण्याच्या बाबतीत अतिशय हट्टी आहे. भूक लागली की आपोआप खाईल, म्हणून एक-दोन दिवस उपाशी ठेवावे असे घरात सुचवले जात आहे.

पशुवैद्य, पुणे

उपाशी ठेवू नका. कुत्र्याच्या बाबतीत हा हट्ट एक वेळ चालतो. मांजरीने, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजरीने, दोन-तीन दिवस अन्न सोडले तर शरीरातली चरबी यकृतात साचते आणि ते दुखणे जिवावर बेतू शकते. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलावे. चाचणीचे आठ आठवडे जुने अन्न पूर्ण बंद झाल्यापासून मोजावेत. एक पूर्ण दिवस काहीच पोटात गेले नाही तर डॉक्टरांना कळवावे.

बोकडाचे मटण चालेल. घटकांच्या यादीत नुसते 'मांस' किंवा 'प्राणिजन्य घटक' असे मोघम लिहिलेले खाद्य तिने पूर्वी खाल्ले असेल तर त्यात म्हशीचे मांस असू शकते, आणि गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या प्रथिनांत साम्य असल्याने एकाचे वावडे दुसऱ्याला लागू होऊ शकते, एवढी शंका मनात ठेवावी. मटण बिनमसाल्याचे, मीठ न घालता शिजवावे आणि शिजवलेले पाणी त्यातच द्यावे. कांदा-लसणाचा स्पर्शही नको. कांद्याने मांजरीच्या तांबड्या पेशी फुटतात. निव्वळ मांसात कॅल्शियम फार कमी असते, म्हणून टॉरिन आणि कॅल्शियम यांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि हे जेवण चाचणीपुरतेच समजावे.

खर्च आणि खटाटोप पाहता मी स्वतः हायड्रोलाइज्ड खाद्याला पसंती देतो, कारण ते परिपूर्ण असते. रॉयल कॅनिनच्या हायपोॲलर्जेनिक खाद्यात प्रथिने सोयाबीनची असतात, हिल्सच्या झेड-डीमध्ये कोंबडीच्या यकृताची; तुमच्या मांजरीने कोंबडी खाल्लेली असल्याने मी सोयाबीनचे निवडेन. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मागवता येते. साध्या दुकानातल्या 'एकच प्रथिन' म्हणवणाऱ्या पाकिटांवर विसंबू नये. त्यांच्या तपासण्यांत न छापलेल्या प्राण्यांची प्रथिने सापडलेली आहेत.

तीन बोके, डोंबिवली

अनुभवाने सांगतो, चाचणी मोडते ती मांजरीच्या हट्टाने नव्हे, माणसांच्या प्रेमाने. आमच्याकडे शेवटी ज्याची चाचणी होती त्याचे ताट न्हाणीघरात, दार लावून, आणि बाकी दोघांची ताटे लगेच उचलून धुवायची, असा नेम ठरला. तुमच्या सासऱ्यांना 'तिला काही देऊ नका' असे सांगण्यापेक्षा तिच्याच अन्नातले चार दाणे वाटीत काढून त्यांच्या पाटाशी ठेवा. देण्याचा आनंदही राहतो आणि पथ्यही मोडत नाही. ओट्यावरचे मासळीचे पाणी, केराच्या डब्यातले काटे, शेजारची सुकट, हे सगळे खाण्यातच धरायचे. आणि कानामागच्या जखमेसाठी जुन्या बनियनची मऊ पट्टी गळ्याभोवती सैल गुंडाळून, मागच्या पायांची नखे कापून पाहा. प्लास्टिकच्या कोनापेक्षा आमच्या बोक्याने ती अधिक सहन केली. पट्टीत आणि मानेत दोन बोटे सहज सरकली पाहिजेत.

मिरकरवाडा

बांगड्याबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण आमचा व्यवहार मासळीचाच आहे. बांगडा, टुना, तारली ही मासळी बर्फाशिवाय राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवून नाहीसे होत नाही. माणसांचे अंग त्यामुळे लाल होते व खाजते, आणि लोक त्याला मासळीचे वावडे समजतात. मांजरीसाठी म्हणून बाजार उठताना स्वस्तात घेतलेला बांगडा पुष्कळदा असाच असतो. डॉक्टर, वर्षभराच्या खाजेचे हे कारण असू शकेल का?

पशुवैद्य, पुणे

शिळ्या मासळीने त्या त्या दिवशी त्रास होऊ शकतो. परंतु मासळी नसलेल्या दिवशीही टिकणारी खाज, खपल्या आणि जखमा यांचा उलगडा त्याने होत नाही. तरीही चाचणीच्या शेवटी मासळी परत देऊन पाहायची असते, तेव्हा ती ताजीच असावी, नाहीतर उत्तर गढूळ होईल. आणि वावडे नसलेल्या मांजरीलाही रोज निव्वळ मासळी देऊ नये: काही माशांत कच्चेपणी थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, आणि तेलकट मासळीच्या अतिरेकाने ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते.

पडवीवरून सुचले म्हणून विचारतो: नाकाचा वरचा पूल, कानांच्या पाळ्यांची बाहेरची बाजू किंवा पंजांच्या गाद्यांच्या कडा यांवर पुरळ आहे का? डासांच्या चाव्याचेही मांजरींना वावडे असते आणि ते नेमके या जागी उठते. तसे असेल तर काही दिवस संध्याकाळी तिला जाळीच्या आत ठेवले की फरक दिसतो.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

उशिरा कळवते आहे. नाकावर पुरळ नव्हते. इथल्या डॉक्टरांनी नायटा आणि किडे नसल्याची खात्री केली, संसर्गासाठी औषध दिले, पिसवांचे थेंब सुरू केले आणि सोयाबीनचे ते खाद्य मागवून दिले. पहिला महिना फारसे काही जाणवले नाही आणि घरात कुजबूज सुरू झाली. त्यानंतर मात्र खाजवणे कमी होत गेले. कानामागे आता केस आले आहेत, पोटावर मखमलीसारखी लव आहे आणि शौच दिवसातून एकदाच होते. आठ आठवडे पूर्ण झाले. घरातले सर्व म्हणतात, बरी झाली आहे तर आता जुने काही देऊन कशाला पाहायचे?

पशुवैद्य, पुणे

ही सुधारणा आहाराची, पिसवांच्या थेंबांची की संसर्गाच्या औषधाची, हे अजून सिद्ध झालेले नाही, म्हणून. परत दिल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही, आणि निदान नसताना तिला आयुष्यभर महागडे खाद्य द्यायचे का हा प्रश्न उरतो. थेंब चालू ठेवा. सध्याच्या खाद्याबरोबर फक्त ताजी उकडलेली मासळी रोज थोडी, जास्तीत जास्त दोन आठवडे द्या; वावडे असेल तर खाज बहुधा काही दिवसांतच परतते, आणि परतली की मासळी त्याच दिवशी थांबवा. पुन्हा पूर्ण शांत झाल्यावर मग कोंबडी, मग दूध, एका वेळी एकच. दुधाने नुसते पोट बिघडले आणि त्वचा स्वच्छ राहिली, तर ते दुधातली साखर न पचल्यामुळे; बहुतेक मोठ्या मांजरींना ती पचत नाहीच.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मासळीने पाचव्या दिवशी मान खाजवायला सुरुवात केली; लगेच बंद केली, आता परत शांत आहे. कोंबडीचे दोन आठवडे काही न होता गेले. सासऱ्यांनी स्वतःच बांगड्याचे ताट ओट्यावर झाकून ठेवायला सुरुवात केली आहे. एक शेवटची शंका: जंताची गोळी द्यायची वेळ झाली आहे आणि ती चवीची आहे. देऊ का?

पशुवैद्य, पुणे

चव कशाची ते पाकिटावर पाहा. पुष्कळदा ती गोमांसाची किंवा यकृताची असते, आणि दुधाची परीक्षा अजून बाकी आहे तोवर नवी प्रथिने मध्ये नकोत. बिनचवीची गोळी मागा, किंवा जंतांसाठी मानेवर लावायचे औषध मिळते ते डॉक्टरांना विचारा. पुढे रोजच्यासाठी कोंबडीचे परिपूर्ण कॅटफूड घ्यायला हरकत नाही, फक्त घटकांत मासळी, मासळीचे पीठ आणि माशाचे तेल नसलेले शोधा. ते शोधायला वेळ लागेल; कोंबडीच्या चवीच्या बऱ्याच पाकिटांत मासळीचे पीठ असते, आणि उत्पादक घटक बदलत असल्याने प्रत्येक नवे पाकीट आणले की मागची बाजू परत वाचावी लागेल.